समुद्रावर तहसीलदार नसतो

सर, उदगीरहून तुम्ही पाठवलेला कादंबरीचा आराखडा दोनदा वाचला. बारा देश एकत्र येऊन संयुक्त आरमार उभारतात आणि एका सामुद्रधुनीत वाट अडवून बसलेल्या सत्तेला हटवून व्यापारी जहाजांना रस्ता मोकळा करून देतात, अशी तुमची गोष्ट. तुमचे प्रश्न तीन आहेत. अशी आघाडी एका ॲडमिरलच्या हुकमावर चालेल का? तिला समुद्रात कुठलंही जहाज थांबवून झडती घेता येईल का? आणि हे सगळं उदगीर-देवणीकडच्या वाचकाला आपलं वाटेल का?

मी वीस वर्षं नौदलात काढली, त्यातली बरीचशी रडारच्या पडद्यासमोर. अधिकारी नव्हतो, त्यामुळे ॲडमिरलच्या केबिनीत काय शिजतं ते मला विचारू नका. गावात मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. नौदलात मेजर हा हुद्दाच नसतो, पण हे सांगून सांगून मी थकलो. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस आपल्याकडे मेजरच.

आधी वाटेचं बोलू, कारण सगळं भांडण वाटेचंच आहे. आमच्या शिवारात दोन प्रकारच्या वाटा आहेत. एक पाणंद, ती गावाच्या नकाशावर आहे, तिथून बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र काहीही न्या. दुसरी दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी वहिवाट. तिथून जाता येतं, पण जायचं म्हणजे फक्त जायचं. बैल सोडायचे नाहीत, तुरीला हात लावायचा नाही, बांधावर बसून गप्पा हाणायच्या नाहीत. समुद्राचा कायदाही असाच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाचं, त्याला प्रादेशिक समुद्र म्हणतात. (एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर.) त्या पाण्यातून परक्या जहाजाला ‘निरुपद्रवी मार्गक्रमणा’चा हक्क आहे, म्हणजे आपली वहिवाट. कवायत नको, हेरगिरी नको, मासेमारी नको. पाणबुडी असेल तर तिनं वर येऊन झेंडा दाखवत जायचं.

सामुद्रधुनी मात्र पाणंद आहे. होर्मुझचं उदाहरण घ्या. सर्वांत अरुंद जागी ती साधारण २१ सागरी मैल रुंद. एका बाजूनं इराणचे १२, दुसऱ्या बाजूनं ओमानचे १२. बेरीज चोवीस झाली, म्हणजे मधे कोणाचंच नाही असं पाणी तिथं थेंबभरही उरत नाही. नुसता वहिवाटीचा नियम लावला असता तर जगाचं तेल दोन मालकांच्या मर्जीवर राहिलं असतं. म्हणून १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात अशा सामुद्रधुनींसाठी वेगळा हक्क ठेवला. त्यात पाणबुडी पाण्याखालून जाऊ शकते, विमान वरून जाऊ शकतं, आणि किनाऱ्यावरच्या देशाला हा रस्ता तात्पुरतासुद्धा बंद करता येत नाही.

हा करार १९९४ मध्ये लागू झाला आणि भारतानं त्याला १९९५ मध्ये मान्यता दिली. गंमत अशी की अमेरिकेनं आजवर त्याला मान्यता दिलेली नाही, आणि इराणनं सही केली पण मान्यता दिली नाही. होर्मुझच्या पाणंदीवरून सर्वांत जास्त तंडणाऱ्या या दोघांचंही नाव त्या सातबाऱ्यावर पक्कं चढलेलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रकरणात बारा देश एका बैठकीत सह्या करून मोकळे होतात. तिथंच माझी पहिली हरकत आहे. ‘नौकानयन स्वातंत्र्य’, म्हणजे समुद्रातून मोकळेपणी ये-जा करण्याचा हक्क, या दोन शब्दांचा अर्थ बारा जण बारा प्रकारे लावतील. आपलंच बघा. आपल्या प्रादेशिक समुद्रातून परकी युद्धनौका जाणार असेल तर तिनं आधी कळवावं, आणि त्यापुढे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथले मासे आणि तेल आपलं त्या पाण्यात, परक्यांनी लष्करी कवायत करायची तर आपली संमती घ्यावी, अशी भारताची भूमिका आहे. अमेरिकेला हे मान्य नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्यांची ‘जॉन पॉल जोन्स’ ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला आपल्या आर्थिक क्षेत्रातून न विचारता गेली, आणि आम्ही मुद्दाम न विचारता गेलो असं त्यांच्या आरमारानं जाहीरही केलं. दिल्लीनं नाराजी कळवली. हे दोन देश एकमेकांचे मित्र आहेत, एकत्र सराव करतात. तुमच्या बारांमध्ये असे दोन मित्र घाला. करारात ‘परवानगी’ शब्द ठेवायचा की ‘सूचना’, यावर त्यांची रात्र जाऊ द्या. ते प्रकरण तोफांच्या प्रकरणापेक्षा रंगेल.

आता एक ॲडमिरल. खरं सांगायचं तर कुठलाही देश आपली युद्धनौका दुसऱ्याच्या हाती पूर्ण सोपवत नाही. खऱ्या जगात तुमच्या आघाडीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट बहारीनमध्ये आहे. कम्बाइन्ड मेरीटाइम फोर्सेस, म्हणजे संयुक्त सागरी दल. चाळीसहून अधिक देश त्यात आहेत. भारतही २०२३ मध्ये पूर्ण सदस्य झाला. पण कोणावर सक्ती नाही. ज्याला जमेल त्यानं जहाज द्यावं, ज्याला नाही जमणार त्यानं दोन माणसं कार्यालयात बसवावीत. हाताखालच्या तुकड्यांचं नेतृत्व पाळीपाळीनं फिरतं. आपल्याकडे सप्ताहात पंगतीची पाळी घरोघर फिरते तसं.

प्रत्येक जहाजाचा कप्तान शेवटी आपल्या राजधानीकडे बघतो. गोळी कधी झाडायची, कोणाला जहाजावर घ्यायचं, कुठल्या रेषेपुढे जायचं नाही, याची प्रत्येकाची स्वतःची नियमावली असते. संयुक्त सेनापती हुकूम देतो, कप्तान नम्रपणे कळवतो की माझ्या सरकारला हे चालणार नाही, आणि विषय तिथं संपतो. तुमचा ॲडमिरल बारा जहाजांना एका शब्दात वळवतो. मला तो हेडमास्तर वाटला. खरा ॲडमिरल सोयऱ्यांना राजी करून लग्न पार पाडणाऱ्या वधूपित्यासारखा दिसायला हवा.

२००८ च्या शेवटी एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी उच्छाद मांडला होता. ऑक्टोबरमध्ये भारतानं स्वतःचं जहाज पाठवलं. डिसेंबरमध्ये युरोपीय संघाची मोहीम आली, जानेवारी २००९ मध्ये बहारीनवाल्यांची १५१ क्रमांकाची तुकडी उभी राहिली. चीनचीही जहाजं आली, जपानचीही. एकाच पाण्यात इतक्या छत्र्या, आणि कोणी कोणाच्या हाताखाली जायला तयार नाही. मग काय झालं? वेळापत्रक झालं. आखातात जहाजांसाठी एक शिफारस केलेला मार्ग आखला गेला, आणि पुढे २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी आपापल्या ताफ्यांच्या तारखा जुळवल्या, म्हणजे एकाच दिवशी तिघं निघाले आणि पुढचे दोन दिवस कोणीच नाही असं होऊ नये. लातूरच्या स्टँडवर परळीच्या तीन गाड्या एकदम लागतात आणि मग दोन तास एकही नाही, तो प्रकार टाळायला. सीमेवर एकमेकांकडे डोळे वटारणारे भारत आणि चीन समुद्रात गाड्यांच्या वेळा जुळवत होते. तुमच्या कादंबरीत मला हे वेळापत्रक बनवणारा माणूस हवा आहे. त्याला छातीवर पदकं नकोत, हातात पेन्सिल आणि खोडरबर द्या.

अशा गस्तीतली एक रात्र सांगतो. पडद्यावर चार बारीक ठिपके, जवळजवळ, वेग कमी. त्यांच्याकडून काही मैलांवर एक टँकर बारा-तेरा नॉटनं चाललेला. चार ठिपके म्हणजे मासे धरणारे, की चाचे? त्या पाण्यात कोळ्याकडेही बंदूक असते, त्यामुळे बंदुकीवरून काही कळत नाही. आम्ही शोधायचो शिडी. मासे धरायला शिडी लागत नाही. वायरलेसच्या १६ नंबर चॅनेलवर टँकरचा कप्तान एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, आवाज दर वेळी थोडा वर चढत होता. आमचं हेलिकॉप्टर गेलं, घिरटी घातली, आणि वैमानिकानं कळवलं: जाळी आहेत, शिडी नाही, एक जण लुंगी हलवून दाखवतोय. सगळ्या कंट्रोल रूममध्ये कोणी हसलं नाही. हसू दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आलं.

अशा वेळी चूक होते तेव्हा ती मोठी होते. नोव्हेंबर २००८ मध्ये आपल्या नौदलानं चाच्यांचं मोठं जहाज म्हणून एक जहाज बुडवलं. त्यावरून गोळीबाराची धमकी आली होती, हे खरं. पण ते चाच्यांनी पळवलेलं थायलंडचं मासेमारी जहाज होतं आणि त्यावर ओलीस खलाशी होते, हे मागाहून कळलं. आणि १९८८ च्या जुलैमध्ये होर्मुझजवळ अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. तुमच्या आघाडीच्या हातून एकही चूक होत नाही. मला ते खटकलं.

झडतीचा प्रश्न. नाही, कुठलंही जहाज थांबवता येत नाही. खुल्या समुद्रात जहाज म्हणजे त्याच्या झेंड्याच्या देशाचा तुकडा. चाचेगिरी, गुलामांची ने-आण, बिनझेंड्याचं जहाज, अशी मोजकीच कारणं आहेत की ज्यांच्यासाठी परक्या युद्धनौकेला चढता येतं. एरवी झेंड्याच्या देशाची संमती घ्यावी लागते. आणि झेंडा बहुधा पनामा, लायबेरिया नाहीतर मार्शल बेटांचा. मालक ग्रीसमध्ये, खलाशी रत्नागिरीचे आणि फिलिपिन्सचे, माल चौथ्याचा, विमा लंडनचा. कोणाला फोन लावायचा हेच ठरवायला अर्धी रात्र जाते.

इथं तुमच्या कथानकात एक मोठं भगदाड आहे. तुमची आघाडी खलनायकाच्या बोटी ‘चाचे’ म्हणून पकडते. पण कायद्यात चाचेगिरी म्हणजे खाजगी फायद्यासाठी केलेली लूट, तीही कोणाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर. तुमचा खलनायक एक सत्ता आहे. त्याच्याकडे फौज आहे, नकाशा आहे, मागण्या आहेत. त्याला चाचा म्हणून धरता येणार नाही. मग एक तर सुरक्षा परिषदेचा ठराव आणा, नाहीतर स्वसंरक्षणाच्या नावाखाली जहाजांची राखण करा. कोणाला चाचा म्हणायचं हा खेळ जुनाच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकायचे. तो नसला की जहाज जप्त. अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी आपलं दस्तक घ्यायला लावलं, तर इंग्रज त्यांना चाचा म्हणू लागले. आपल्या लेखी ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, आणि आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे आहे. समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही, असं १६०९ मध्ये जगाला सांगणारा ह्यूगो ग्रोशियससुद्धा वकील होता, आणि त्याचं अशील होतं नुकतंच पोर्तुगीजांचं भरलेलं जहाज धरणारी डच कंपनी.

पकडल्यावर पुढे काय, हेही लिहा. आमच्या काळात पुष्कळदा असं व्हायचं की शस्त्रं आणि शिड्या समुद्रात फेकायच्या आणि माणसं सोडून द्यायची, कारण खटला कुठं चालवायचा याचं उत्तर कोणाकडे नसायचं. भारतानं २०२२ मध्ये चाचेगिरीविरोधी कायदा केला. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या पळवलेल्या जहाजावरून ‘आयएनएस कोलकाता’नं ३५ चाचे धरले, १७ खलाशी सुखरूप सोडवले. चाळीस तास ती कारवाई चालली. आपल्या कमांडोंना विमानातून समुद्रात उतरवलं होतं. मग ते ३५ जण मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. समुद्रावरची मोहीम शेवटी पोलीस ठाण्याच्या टेबलावर येते. नावं लिहून घ्या, दुभाषा शोधा, जेवणाची सोय करा.

इंधनाबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. एक जहाज ठाण्यावर ठेवायचं तर साधारण तीन लागतात: एक तिथं, एक वाटेवर, एक दुरुस्तीला. म्हणजे तुमच्या चोवीस जहाजांतली आठच समुद्रात दिसतील. आणि ती आठ पंपावर जात नाहीत, पंप त्यांच्याकडे येतो. तेलवाहू जहाज आणि युद्धनौका एकमेकांना समांतर, तीस-चाळीस मीटरवर, बारा-तेरा नॉटच्या वेगानं. बंदुकीनं दोरी फेकतात, तिच्या मागून जाड दोर, त्याच्या मागून नळी. दोन्ही जहाजांच्या मधे आणखी एक दोरी ताणलेली, तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगीत झेंडे, किती जवळ आलो ते कळायला. दोन पोलादी भिंतींच्या मधे सापडलेलं पाणी खवळतं, उकळल्यासारखं वर येतं आणि डेकवरच्या पोरांना चिंब करतं. शंकरपटात दोन जोड्या जुकाटाला जुकाट लावून पळाव्यात आणि मधून कोणी घागर द्यावी, तसं. सुकाणूवाल्यानं एका अंशाची चूक केली तर खेळ खल्लास. बारा देशांचं आरमार करायचं असेल तर नळीची तोंडं जुळायला हवीत, आणि बिल कोणाच्या नावावर फाडायचं हेही. भारत-अमेरिकेचा २०१६ चा करार मुख्यतः याच गोष्टीचा आहे: एकमेकांकडून इंधन, रसद, दुरुस्ती घ्या आणि हिशेब नंतर मिटवा.

राखणदारीचं एक जुनं उदाहरण तुमच्या सहाव्या प्रकरणाला कामी येईल. १९८७ मध्ये इराण-इराक युद्धात अमेरिकेनं कुवेतच्या टँकरांवर आपला झेंडा चढवला आणि युद्धनौकांच्या पहाऱ्यात ते न्यायला सुरुवात केली. पहिल्याच ताफ्यात ‘ब्रिजटन’ हा अवाढव्य टँकर सुरुंगावर गेला. बुडाला नाही. पुढे काय झालं? राखण करणाऱ्या युद्धनौका त्या फुटक्या टँकरच्या मागे रांगेनं चालू लागल्या, कारण दुसरा सुरुंग लागलाच तर तो टँकरच सोसू शकला असता. वाघरू येईल म्हणून कुत्रं म्हशीच्या मागं लपावं, तसं. हे खरं घडलं.

वाट बंद करायला साखळी बांधावी लागत नाही, हेही ध्यानात घ्या. लंडनच्या विमा बाजारात एक युद्धजोखीम समिती आहे. तिनं एखादा समुद्र धोक्याच्या यादीत टाकला की त्या फेरीसाठी वेगळा हप्ता पडतो. समजा जहाजाची किंमत ५ कोटी डॉलर आणि हप्ता अर्धा टक्का, तर एका फेरीला अडीच लाख डॉलर. मालक म्हणतो, त्यापेक्षा आफ्रिकेला वळसा घालून जा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथी बंडखोरांनी जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केल्यावर हेच झालं. अमेरिकेनं एक आघाडी केली, युरोपनं फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरी, भारत दोन्हींत न जाता स्वतःची जहाजं घेऊन उभा राहिला. तरी मोठ्या कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा रस्ता धरला, दहा ते चौदा दिवस जास्तीचे. तुमची आघाडी शेवटच्या प्रकरणात जिंकते आणि शत्रूचं जहाज जळतं. जळू दे हवं तर, पण ती जिंकली हे वाचकाला हप्ता उतरल्यावरच पटेल.

आता आपल्याकडचा वाचक. तुम्ही दाखवलंय की सामुद्रधुनी बंद होताच लातूरच्या डाळमिलला आफ्रिकेची तूर येत नाही. चुकलं. मोझांबिक-टांझानियाची तूर उघड्या महासागरातून सरळ येते, तिला ना होर्मुझ लागते ना तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब. तिला भीती असलीच तर सोमाली चाच्यांची. होर्मुझ अडली तर पहिला चटका गॅस सिलिंडरला बसेल, कारण आपला आयात गॅस बहुतेक तिथूनच येतो. तांबडा समुद्र अडला तर जॉर्डनच्या अकाबा बंदरातून येणारं पोटॅश आणि फॉस्फेट अडकेल. पोटॅश तर आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. काळ्या समुद्राकडून येणारं सूर्यफूल तेलही त्याच वाटेनं येतं. आमच्या घरी माझ्या लहानपणी करडईचं तेल असायचं, शेजारच्या घाण्यावरचं. तेव्हा सुएझ बंद असला काय आणि उघडा असला काय, फोडणी अडत नव्हती. आता पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रापुढे रांगेत उभा असलेला माणूस दाखवा. दुकानदार म्हणतो, ‘माल वरूनच येईना गेलाय.’ ते ‘वर’ म्हणजे कुठं, हे त्या माणसाला माहीत नसतं. ते तुम्ही सांगा.

आणि हे नातं आजचं नाही. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक टिपणात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल गाड्यांवर लादून आडवाटेनं गुजरातेतल्या भडोच बंदराला नेतात असं लिहिलंय. त्यातच पुढे आहे की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. वाट अडवणं, परवानगी, पहारा, सगळं तिथंच आहे. तेरच्या संग्रहालयात एकदा चक्कर मारा. कादंबरीची सुरुवात न्यूयॉर्कच्या बैठकीत करण्यापेक्षा तिथं करा, असं मला वाटतं.

नायक कंधारचा घेतलात, छान. फक्त त्याला पहिल्या दिवसापासून माशासारखा पोहताना दाखवू नका. आमच्यातली निम्मी पोरं विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली, ओडिशात चिल्काला प्रशिक्षणाच्या तलावात उडी मारताना देवाचं नाव घेणारी. मात्र जहाजावर गोडं पाणी मोजून वापरायला त्याला शिकवावं लागणार नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा जुने जहाजी मित्र मला फोन करून चिडवत होते.

दोन किरकोळ दुरुस्त्या. ‘ताशी वीस नॉट’ लिहू नका, नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, त्यात ताशी आलंच. आणि तुमचा कप्तान वादळात स्वतः सुकाणू फिरवतो. युद्धनौकेवर कप्तान नुसता बोलतो, सुकाणूवाला तो हुकूम मोठ्यानं परत उच्चारतो, मग चाक फिरवतो, आणि फिरवून झालं की पुन्हा कळवतो. तेवढं बदलून पुढची प्रकरणं पाठवा. सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या आगंमागं आटपेल, त्यानंतर निवांत वाचतो.